खळ चाटलेलं कोकरू

एक होतं कोकरू. काळं काळं, एवढंसं. आणि एक होते सायबूआजा. आजा मागावर बसायचे. मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं विणायचे. खटक खट! खटक खट!

घोंगडं विणून झालं, की त्याला खळ लावायची. खळ म्हणजे चिंचोक्यांची पेज. चिकट चिकट, घट्ट घट्ट. आजांनी मडकंभर खळ शिजवली. गार करायला ठेवली. "आलोच हं," म्हणाले, नि पाणी प्यायला गेले.

कोकरानं मडक्यात तोंड घातलं. लप लप लप! मडकं साफ!

आजा आले. बघतात तर काय? ठणठणाट!

"अरे देवा! माझी खळ कुठं गेली?"

कोकराची मान खाली. कान खाली. शेपूट आत. त्याला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की ते बोललंच नाही. आजा गप्प बसले. मागही गप्प.

कोकराला ते बघवेना. निघालं आपलं. दुडूदुडू, दुडूदुडू!

"चिंचबाई, चिंचबाई, चिंचोके दे.
चिंचोके नाहीत तर खळ नाही,
खळ नाही तर आजा गप्प!"

"देईन की! पण खळ गेली कुठं?"

मान खाली. कान खाली. "गेली कुठंतरी."

"बरं बरं. आधी मला खत आण."

कोकरू आईकडं गेलं. दुडूदुडू, दुडूदुडू! आई म्हणजे मेंढी. ती लोकर देते, दूध देते, आणि लेंड्या? त्या तर दिवसभर देते! लेंड्यांचं खत कसं झकास!

"आई, आई, चिंचेखाली बस.
खत नाही तर चिंचोके नाहीत,
चिंचोके नाहीत तर खळ नाही,
खळ नाही तर आजा गप्प!"

"बसेन की! पण खळ गेली कुठं?"

मान खाली. कान खाली. "गेली कुठंतरी."

"बरं बरं. आधी मला पाला आण. पोट रिकामं, तर लेंड्या कुठल्या?"

दुडूदुडू, दुडूदुडू!

"बाभळकाकू, बाभळकाकू, पाला दे.
पाला नाही तर खत नाही,
खत नाही तर चिंचोके नाहीत,
चिंचोके नाहीत तर खळ नाही,
खळ नाही तर आजा गप्प!"

"देईन की! पण खळ गेली कुठं?"

मान खाली. कान खाली. "गेली कुठंतरी."

"बरं बरं. आधी फांदी वाकवायला धुळामामाला आण."

धुळामामा मेंढरं राखायचा. फांदी ओढायला त्याच्याकडं लांब आकडी होती. पण तो बसला होता कुडकुडत.

"मामा, मामा, फांदी वाकव.
फांदी नाही तर पाला नाही,
पाला नाही तर खत नाही,
खत नाही तर चिंचोके नाहीत,
चिंचोके नाहीत तर खळ नाही,
खळ नाही तर आजा गप्प!"

"वाकवीन की! पण खळ गेली कुठं?"

मान खाली. कान खाली. "गेली कुठंतरी."

"बरं बरं. आधी मला घोंगडं आण. गारठ्यानं हात आखडलेत बघ!"

घोंगडं? ते तर आजांकडं!

कोकराचे पाय हलेनात. एक पाऊल पुढं, दोन पावलं मागं. आजांना तोंड कसं दाखवू? तरी गेलं. दुडूदुडू नाही हं. हळू... हळू...

"आजा, आजा, घोंगडं द्या.
घोंगडं नाही तर फांदी नाही,
फांदी नाही तर पाला नाही,
पाला नाही तर खत नाही,
खत नाही तर चिंचोके नाहीत,
चिंचोके नाहीत तर खळ नाही,
खळ नाही तर आजा गप्प!
आणि... आणि... खळ मी चाटली!"

बें बें बें! कोकरू रडायलाच लागलं.

आजांनी त्याला मांडीवर घेतलं. "मला ठाऊक होतं रे लेकरा. तू सांगशील, म्हणून गप्प होतो."

आजांनी घोंगडं दिलं, बिनखळीचंच. मामानं पांघरलं, फांदी वाकवली. कड कड कड! बाभळीनं पाला दिला. सळसळ सळसळ! आईनं खाल्ला, चिंचेखाली बसली. टप टप टप! चिंचेनं चिंचोके दिले. खुळखुळ खुळखुळ! आजांनी खळ शिजवली. रट रट रट! मामानं घोंगडं परत आणलं, आजांनी खळ लावली. फर्र फर्र!

मग आजांनी वाटीत थोडी खळ काढली. "ही तुझी."

कोकरानं आजांकडं बघितलं. "चाटू का?"

"चाट की!"

मेंढरं गेली रानात, गोष्ट राहिली कानात!