टेकोबाचं पन्हं

एक होता राजा. त्याला राज्य चालवता येत होतं, पण पोरांना गणित शिकवणं काही जमेना. म्हणून त्याने सगुणाबाईंना ठेवलं. खरं सांगायचं तर ही गोष्ट राजाची नाहीच. ही आहे सगुणाबाईंची. पोरांनी त्या बिचारीचं डोकं कसं पिकवलं, त्याची. नंदू, पाय आवर आणि ऐक.

तर त्या राज्यात एक मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा बांध. आणि बांधाला पाठ लावून बसलेला एक राक्षस. त्याचं नाव टेकोबा. त्याची पाठ होती म्हणून बांध उभा होता, बरं का. तो उठला की बांध फुटणार आणि तळं गावात शिरणार. बांधाखाली पहिलंच घर कुणाचं? सगुणाबाईंचं. दारात शेवगा, गोठ्यात म्हैस आणि घरात चालता न येणारी म्हातारी आई.

टेकोबा तसा गरीब. वर्षभर काही मागत नसे. पण उन्हाळा लागला की त्याला रांजणभर पन्हं लागे. उकडलेल्या कैरीचा गर आणि किसलेला गूळ, एकास दोन. म्हणजे गर एक घागर, तर गूळ दोन घागरी. वरचं पाणी तो पिताना स्वतःच तळ्यातून तोंडात घेई. रांजण मात्र काठोकाठ हवा. त्यात बारा घागरी मावत.

आता यात काय अवघड आहे, सांगा? पण मेख होती ना! किती घागरी गर आणि किती घागरी गूळ, हे राजाच्या पोरांनीच ठरवायचं. तेही दुधाचे दात पडायच्या वयात. एका उन्हाळ्यात एका पोराने एकदाच. मोठ्या माणसाने आकडा सांगितला, की पन्हं तिथल्या तिथे नासायचं. राजाने लहानपणी ते कसं जमवलं होतं, हे त्यालाही आठवत नव्हतं.

राजाला पोरं तीन. थोरला दौलू, मधला सर्जा आणि धाकटी ठकी. तिघांचेही दात हलत होते. मग बाईंनी शिकवायला घेतलं. आधी चिंचोके मांडले. एक इकडे, दोन तिकडे. "सांगा, सगळ्या चिंचोक्यांत हा एकटा कितवा हिस्सा?" तिघं एका सुरात म्हणाले, "अर्धा!" मग बाईंनी भाकरीचे सारखे तुकडे केले. एक इकडे, दोन तिकडे. पोरं तुकडे खाऊन म्हणाली, "अर्धा!" मग बाईंनी अंगणात रेघा ओढल्या. पुन्हा तेच. बाईंनी कपाळाला हात लावला. अरे, अर्धा कशाचा? कुणाचा अर्धा?

मग उन्हाळा आला. पहिली पाळी दौलूची. तो ऐटीत म्हणाला, "एकास दोन म्हणजे एक भागिले दोन. म्हणजे गर अर्धा!" आणि सांगितल्या त्याने सहा घागरी गर, सहा घागरी गूळ. बाईंनी तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. आकडा बाहेर पडला असता ना!

टेकोबाने पहिला घोट घेतला मात्र, त्याचे दात असे आंबले, असे आंबले, की तो नखशिखांत शहारला. बांधाला ही एवढी भेग पडली. टेकोबा ओरडला, "हे पन्हं की चिंचेचं सार?" बाई घरी धावल्या. भेगेतून पाणी ठिबकत होतं, थेट शेवग्याच्या बुंध्यात.

बाईंनी पोरांना पुन्हा बसवलं. घसा बसेपर्यंत ओरडल्या, "अर्धा नाही रे, बाळांनो, अर्धा नाही! एकास दोन, एकास दोन!"

दुसऱ्या दिवशी सर्जाची पाळी. सर्जा आज्ञाधारक. बाई म्हणाल्या होत्या एकास दोन, म्हणून त्याने घातली एक घागर गर, दोन घागरी गूळ. आणि हात झटकले. झालं! रांजण पाव भरला, पाऊण रिकामा. बाई पदर चावत राहिल्या. आता ह्या पोराला चूक म्हणावं की बरोबर म्हणावं, हेच त्यांना कळेना.

टेकोबाने चाटून बघितलं. म्हणाला, "चव झकास! पण हे काय, औषध आणलंत मला?" आणि चिडून एका गुडघ्यावर उठला. तशी भेग रुंदावली. पाणी बाईंच्या गोठ्यात शिरलं. म्हैस घोट्यापर्यंत पाण्यात. टेकोबा म्हणाला, "उद्या पोट भरलं नाही, तर मी चाललो डोंगरात. बसा मग तळं सांभाळत."

राजा घाबरला. म्हणाला, "बाई, अहो, काहीतरी करा."

बाईंचा पारा चढला. "काय करू, महाराज? यांच्या डोक्यात शिरत नाही आणि मला सांगता येत नाही! माझी आई तिकडे खाटेवर पाय वर घेऊन बसली आहे. आणि ही बघा!"

ही म्हणजे ठकी. ती बोटाने आपला दात हलवत बसली होती. आता सगळं राज्य त्या दातावर लोंबकळत होतं, आणि तिचं चाललं होतं पुढे-मागे, पुढे-मागे. बाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ठके, तुला भाऊ किती गं?"

"दोन."

"आणि तू किती?"

"मी एक."

"एक तू, दोन भाऊ. म्हणजे एकास दोन! मग राजाच्या घरातली निम्मी पोरं तू एकटीच का गं?"

ठकी खुदकन हसली. "निम्मी कशी, बाई? आम्ही तिघं. तिघांतली एक मी."

"मग त्या गराने काय घोडं मारलंय? त्याला का नाही धरत मोजताना?" बाई अशा ओरडल्या, की अंगणातली कबुतरं उडाली.

ठकीने तोंडातलं बोट काढलं. मग हळूच म्हणाली, "बाई, गराने गुळाकडे बघितलं, तर तो गुळाच्या निम्मा. पण सगळ्या रांजणाकडे बघितलं, तर त्याला स्वतःलाही मोजायला हवं. मग तो तिसरा हिस्सा."

दौलू म्हणाला, "पण मग अर्धा कुठे गेला?" सर्जाने त्याला ढोसलं.

ठकी उठली. बारा रिकाम्या घागरी तिने अंगणात आणवल्या. तीन-तीनांचे गट मांडले. प्रत्येक गटात एक गराची, दोन गुळाच्या. "हे सर्जादादाचंच पन्हं," ती म्हणाली. "तो चुकला नव्हता. तो लवकर थांबला." मग तिने गट मोजले. चार गट. म्हणून चार घागरी गर, आठ घागरी गूळ. बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि भडभडून रडल्या. इतक्या दिवसांचं सगळं साचलेलं बाहेर पडलं.

रांजण काठोकाठ भरला. टेकोबाने तळ्याचं पाणी तोंडात घेत पन्हं घटाघटा संपवलं आणि असा ढेकर दिला, की शेवग्याच्या शेंगा खाली पडल्या. मग त्याने पाठ बांधाला नीट टेकवली. भेग मिटली. गोठा सुकला. बाईंच्या आईने पाय खाली सोडले.

डोळे मिटता मिटता टेकोबा म्हणाला, "पुढच्या वर्षी जरा आंबट करा बुवा. गर दोन, तर गूळ तीन."

बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता पुन्हा चिंचोके, पुन्हा भाकरी, पुन्हा रेघा! आता कुणीतरी म्हणणार, गर दोन तृतीयांश. इतक्यात कुणीतरी पदर ओढला. ठकी होती. तिचा दात तिच्या हातात होता.

"बाई," ती बोबडं बोलली, "आधी सगळे मिळून पाच ना?"

बाईंनी तिला उचललंच. मग राजा सुखात राहिला, पोरं सुखात राहिली, टेकोबा गार पोटाने झोपला, आणि सगुणाबाईंनी त्या रात्री पहिल्यांदा डोक्याला तेल न थापता पाठ टेकली.

आता तुम्हीही टेका. पांघरूण एक, तुम्ही तिघं. सांगा बरं, प्रत्येकाला किती? काय म्हणालास, नंदू? अर्धं? देवा रे! झोप, बाळा, झोप. उद्या सकाळी चिंचोके काढू.