कुंदाताईंचं इंजिन

कृष्णाकाठच्या एका गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारी एक बाई होती. कुंदा इंगवले तिचं नाव. पंचक्रोशीतला कुठलाही ट्रॅक्टर बंद पडला, की तो ओढत तिच्याच दारात यायचा आणि आपल्या चाकांवर परत जायचा.

कुंदाताईंना एकच हौस होती, शर्यतीची. त्यांनी घाटातल्या शर्यतीत पळणारी एक जुनी मोटार विकत घेतली. मोटारीचं इंजिन पार बसलेलं होतं. सगळे म्हणाले, "हे कोल्हापूरला शिकलगारांकडं न्या. शर्यतीच्या इंजिनात त्यांचा हात धरणारा कोणी नाही."

कुंदाताईंना ते झोंबलं. "वीस वर्षं इंजिनं उघडतेय. माझ्या गाडीचं इंजिन दुसऱ्यानं का बांधावं?"

त्यांनी इंजिन उतरवलं. एकेक भाग धुतला, पुसला, त्याला चिठ्ठी बांधली. झिजलेलं बदललं, चांगलं ठेवलं. तीन महिने त्या कामात गेले. शर्यतीच्या आठ दिवस आधी इंजिन सुरू झालं, तेव्हा सारं गाव गोळा झालं होतं. त्यांच्या नवऱ्यानं, विश्वासरावांनी, पेढे वाटले.

कुंदाताईंनी मात्र पेढा हातातच धरला होता. त्या मान कलती करून ऐकत होत्या. त्या घरघरीत खोलवर कुठंतरी टकटक होत होती, अगदी बारीक.

"मला तर काही ऐकू येत नाही," विश्वासराव म्हणाले. "आणि रविवारी शर्यत आहे. आता उघडलंस तर गाव हसेल."

"गावाला हसू दे. घाटात इंजिन अडकलं तर गाडी दरीत जाईल."

त्यांनी सगळ्यांदेखत इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. नवी बेअरिंगं ओरखडली होती. दोष क्रँकमध्ये होता. इंजिनाचा कणाच तो, आणि एका बाजूनं केसभर झिजला होता. ट्रॅक्टरच्या सवयीनं त्यांनी तो बोटानं चाचपून बसवला होता. ट्रॅक्टरला तेवढं चालतं. तिप्पट वेगानं फिरणाऱ्या इंजिनाला चालत नाही.

त्यांनी शर्यतीतून नाव काढून घेतलं. क्रँक गोणपाटात गुंडाळला आणि त्या एसटीनं कोल्हापूरला गेल्या.

अन्वर शिकलगारांनी क्रँक मोजला. "हा कोणी बसवला?"

"मी. चूक माझीच. मोजायचं ते मी चाचपलं."

शिकलगारांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं. आजवर त्यांच्या दारात आलेला प्रत्येक जण चूक दुसऱ्यावर ढकलायचा. ते म्हणाले, "ताई, सगळं इंजिनच आणून टाका. पंधरा दिवसांत बांधून देतो."

"नको, चाचा. क्रँक घासून सारखा करायचं काम तुमचं, ते तुम्हीच करा. बांधायचं काम माझं आहे. पण मोजायचं कसं, ते मला शिकवाल का?"

शिकलगारांनी स्टूल पुढं सरकवलं. मशीनवर क्रँक घासला जात होता, तेवढे दोन दिवस कुंदाताई त्यांच्याशेजारी बसून माप घ्यायला शिकल्या. एकच जागा त्यांनी दहादा मोजली. दहाही वेळा आकडा एकच आला, तेव्हा चाचा म्हणाले, "जा आता. बांधा."

कुंदाताईंनी इंजिन पुन्हा बांधलं. या वेळी त्यात टकटक नव्हती. पुढच्या शर्यतीत त्यांची गाडी घाट चढून तिसरी आली. माइकवाल्यानं विचारलं, "एवढं झकास इंजिन बांधलं कोणी?"

"क्रँक कोल्हापूरच्या अन्वरचाचांनी घासला," कुंदाताई म्हणाल्या. मग त्यांनी तेलकट हात वर केले. "आणि बांधलं या हातांनी!" घाटात टाळ्यांचा कडकडाट झाला.

महिनाभरानं परगावची एक शर्यतीची गाडी कुंदाताईंच्या दारातल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत येऊन उभी राहिली. गाडीचा मालक म्हणाला, "कोल्हापूरला गेलो होतो. शिकलगार म्हणाले, क्रँक मी घासून देतो, पण इंजिन बांधायला कुंदाताईंकडंच जा."

तात्पर्य: आपल्या हातांचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते हात कुठं कमी पडतात हे जो कबूल करतो आणि जाणत्याकडून शिकतो, त्याचाच अभिमान टिकतो.