आदमबाबांची आकडी

"मग ही आकडी होडीत ठेवायचीच कशाला, बाबा?"

विश्रामने विचारलं, तेव्हा होडी धक्क्याला लागून पान चघळून होईल इतकाही वेळ झाला नव्हता. उतारू अजून पायऱ्या चढत होते.

आदमबाबांनी ऐकलं. सुकाणूवरचा हात काढला नाही.

कुडावणच्या खाडीत तरीवर, म्हणजे उतारूंच्या होडीवर, शिकणाऱ्याची परीक्षा एकच. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, गोड्या पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा. शिकणाऱ्याने सुकाणू धरायचं आणि भरली होडी पलीकडच्या धक्क्याला अशी लावायची की थेंब सांडू नये. सांडला, तर आणखी वर्षभर वल्ही मारायची. नाही सांडला, तर परतीच्या खेपेला उस्ताद सुकाणूपाशी बसत नाही. पुढे, उतारूंच्या फळीवर जाऊन बसतो. तोंडाने कोणी काही म्हणत नाही. तेवढ्यावर माणूस तांडेल होतो.

आज थेंब सांडला नव्हता.

मासळीवाली गोदीबाई तर उतरताना थांबली, तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन रिकामा परत ठेवला. "एवढं जपून आणलंस, ते वाया कशाला घालवू," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

पण होडी लागताच बाबांनी सुकाणू पुन्हा आपल्या हातात घेतलं होतं. तिथेच बसले होते. उठायचं नाव नाही.

सहा वर्षं... विश्रामच्या मनात आलं. सहा वर्षं आणि अजून काय राहिलं?

म्हणून त्याने आकडीचा विषय काढला.

आकडी म्हणजे दहा हात लांब भरीव बांबू, टोकाला लोखंडाचा वाकडा आकडा. होडी धक्क्यापासून हातभर लांब राहिली, की तो धक्क्याच्या कडीत अडकवायचा आणि ओढून घ्यायचं. बाबांच्या होडीत ती बाबांच्याही आधीपासून होती. दर अमावास्येला तिला मुशी माशाचं तेल चोळायचं काम विश्रामचं. सहा वर्षांत बहात्तर वेळा चोळलं. वापरली एकदाही नाही.

"उतारूंच्या पायांत येते," विश्राम म्हणाला. "नडग्या फुटतात लोकांच्या. दोन माणसांची जागा खाते."

"खाते."

"ज्याचा हात चुकतो, त्याला आकडी लागते. माझा चुकला का आज?"

"नाही चुकला."

"तुमचा कधी चुकला?"

बाबा पाण्याकडे बघत राहिले... कुडावणात सांगतात, की आदमबाबांना विचारल्याशिवाय खाडीत भरती चढत नसे. खोटं असेल तर पाप कुडावणकरांचं. पण चाळीस वर्षांत त्यांची होडी धक्क्यावर आपटलेली कोणी पाहिली नव्हती, हे खरं.

"चल," ते म्हणाले. "ओहोटी लागली."

रिकामी होडी परत निघाली. सुकाणूवर बाबाच. विश्राम शिडाची दोरी धरून बसला. खाडीच्या मधोमध आल्यावर बाबा म्हणाले,

"टाक."

"काय?"

"आकडी. नकोय ना? टाक पाण्यात."

विश्रामने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

दोरी खुंटीला बांधून तो उठला. नाळेवर चढला. आकडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि असा झोका दिला, की अर्धी खाडी ओलांडून जावी.

आता आकड्याचं काम अडकायचं. समोर धक्का नव्हता, कडी नव्हती. होता तो विश्रामच्या कमरेला घट्ट आवळलेला पंचा. आकडा त्यात अडकला. आकडी गेली. पाठोपाठ विश्रामही गेला.

वर आला तेव्हा होडी वीस हात लांब होती.

तो हसलासुद्धा. पोहणं त्याला नवं नव्हतं. "येतो बाबा, थांबा," ओरडला आणि हात मारले. दहा हात मारले. होडी तीस हातांवर गेली.

मग त्याने मागे पाहिलं. खाडीच्या तोंडाशी, जिथे नदीचं पाणी समुद्राच्या अंगावर जातं, तिथे पांढरा फेस उसळत होता. ओहोटी त्याला तिकडेच नेत होती. तिथे गेलेलं लाकूडही अख्खं परत येत नाही.

बाबांनी होडी वळवली. सरळ त्याच्यावर आणली, तांब्या सांडणार नाही अशी. आणि नाळेपुढे उठलेल्या लाटेने विश्रामला अलगद बाजूला सारलं. त्याचा हात होडीला पोचायला वीतभर कमी पडला.

दुसऱ्यांदा आणली. पुन्हा लाट. पुन्हा वीतभर.

बाबा हाक मारत नव्हते. हात पुढे करत नव्हते. नुसते बघत होते.

बांबू विश्रामच्या बगलेत तरंगत होता, आकडा अजून पंच्यात. उचलून पुढे करायचा, एवढंच काम. पण मघाशीच तर म्हणाला होता... ज्याचा हात चुकतो त्याला.

फेसाचा आवाज आता कानात भरला होता.

तिसऱ्यांदा होडी आली. विश्रामने आकड्याखाली बांबू दोन्ही मुठींत आवळला आणि दुसरं टोक पाण्याबाहेर उचलून म्हाताऱ्याकडे केलं.

"बाबा," तो म्हणाला. हळूच म्हणाला. "धरा."

आदमबाबांनी सुकाणू सोडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चालत्या होडीचं सुकाणू दुसऱ्या कोणाच्या हाती न देता सोडलं, आणि बांबू धरला.

...

विश्राम फळ्यांवर पडून धापा टाकत होता. शीड फडफडत होतं, होडी स्वतःभोवती फिरत होती. फेस उजवीकडे, बराच जवळ.

बाबा उठले. सुकाणूकडे गेले नाहीत. रिकामा तांब्या खाडीत बुडवून काठोकाठ भरला, नाळेवर ठेवला आणि उतारूंच्या फळीवर जाऊन बसले. विश्रामकडे पाठ करून.

विश्राम सरपटत मागे गेला. एका हाताने सुकाणू धरलं, होडी फेसापासून वळवली. दुसऱ्या हाताची मूठ अजून आकडीवरून सुटत नव्हती. बोटं तिथलीच असल्यासारखी बसली होती.

त्याने एकेक बोट सोडवलं. खाली बघितलं.

आकड्याच्या खाली, जिथे कोणी तांडेल कधी हात लावत नाही, तिथे बांबूवर खाचा होत्या. चार-चार बोटांच्या. एकीवर एक. बहात्तर वेळा त्यांच्यावरून तेलाचा बोळा फिरला होता. तो त्यांना दोरीचे वळ समजत आला होता.

बांबूत बोटांच्या खाचा पडतील कशा, असं शहाणी माणसं विचारतात. त्यांनी एकदा कुडावणच्या ओहोटीत बांबू धरून बघावा.

"बाबा," विश्राम म्हणाला. "या कोणाकोणाच्या?"

बाबांनी मान वळवली नाही. तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले...

"सगळ्यांत खोल आहेत ना, त्या माझ्या."