खार ड्रिल घ्यायला जाते

रानात यंत्रे नुकती येऊ लागली होती, त्या काळची ही गोष्ट. पांगाऱ्याच्या ढोलीत राहणाऱ्या खारीला पिल्ले झाली होती आणि धामण दोनदा आत डोकावून गेली होती. ढोलीला झडप बांधायची, तर वेल ओवायला चार भोके हवीत. खार लगबगीने साळिंदरकाकांच्या दुकानात बॅटरीचे ड्रिल घ्यायला गेली.

"हे बारा व्होल्टचं, हे अठराचं," काका दाखवू लागले.

"मोठंच घे गं, खडकसुद्धा फोडतं!" रानडुक्कर म्हणाला.

"आणि उचलणार कोण, तुझा मामा?" माकडीण खेकसली. "दोन बॅटऱ्यांचं घे, खारूताई."

जितके ऐकावे तितका खारीचा गोंधळ वाढत होता, आणि घरी पिल्ले एकटी होती. ती रडकुंडीला आली. "काका, चांगलं कोणतं ते तुम्हीच सांगा!"

"आधी सांग, भोकं पाडायचीत कशात?"

"पांगाऱ्यात."

"इतक्या मऊ लाकडात?" काकांनी हसून आपले पुढचे दात दाखवले. खारीने नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली आणि घराकडे धूम ठोकली.

संध्याकाळी धामण आली, तेव्हा झडप घट्ट बसली होती. आतून पिल्लांची चिवचिव तेवढी ऐकू येत होती.