टिटवीनं काढलेला ठसा

मुलांनो, आरडाओरडा करणारीचं कुणी ऐकत नाही, मग ती खरं का बोलत असेना. एका जंगलात, नदीकाठच्या खड्यांत एक टिटवी राहत असे. तिचंही कुणी ऐकलं नाही. तिची चार अंडी होती. ती किडे टिपायला गेली नि परत येऊन बघते तर तीनच! तिनं सगळं रान डोक्यावर घेतलं. पण जनावरं हसली. "तू रोजच ओरडतेस बाई! आभाळ पडेल म्हणून पाय वर करून निजणारी तू. तुझं काय खरं मानायचं?"

टिटवीनं चोराचे ठसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण ती चौघांना बोलावून आणेपर्यंत गवे पाण्यावर आले आणि सगळं तुडवून गेले. आता त्या काठाचा एक रिवाज होता. तक्रार नुसती तोंडानं चालत नसे, चिखलात काढून दाखवावी लागे. चित्रावरून चोर ओळखला तर त्याला काठावरून हाकलायचं, नाही ओळखला तर तक्रार खोटी. टिटवीनं चोचीनं ठसा काढला. कावळा मान वाकडी करून म्हणाला, "हे काय, चाफ्याचं फूल? पाचही बोटं सारखी कशी? सारखी बोटं कुणाची असतात, सांग बघू." शेजारची बगळी म्हणाली, "आणि दोन पावलांत अंतर किती? हे जनावर चालतंय की एका जागी उभं आहे?"

टिटवीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझं अंडं गेलं नि हे बोटं मोजतात! शिवाय कावळ्याला अंडी आवडतात हे कुणाला ठाऊक नाही? तिला संशय आला की चोर हाच, म्हणून तर चित्राला नावं ठेवतो. मी तिथं असते तर मलाही तोच संशय आला असता. बगळीही त्याला सामील असेल, असं तिनं मनात धरलं. एवढ्यात काठावरच्या खडकावर ऊन खात पडलेली घोरपड गोड आवाजात म्हणाली, "जळतात गं तुझ्यावर. काय सुरेख काढलंयस! एका रेघेतही बदल करू नकोस. उलट पलीकडच्या काठाला जा, तिथल्या पाखरांना हे काढून दाखव. त्यांना कदर आहे." टिटवी फुगली आणि उडाली. पलीकडच्या पाखरांनीही विचारलं, "हे फूल कुठलं?" तोंड पाडून परत आली, तर अंडी दोनच. पुन्हा ठसे, पुन्हा गवे, पुन्हा चिखलाचा काला.

मग मात्र ती ओरडली नाही. दोन अंडी पोटाखाली घेऊन बसली आणि विचार करू लागली. कावळ्यानं नावं ठेवली खरी, पण मला घर सोडून जायला कुणी सांगितलं? तिनं कावळ्याला हाक मारली. "काय चुकतंय ते सांग. पण घरट्यापासून दहा पावलं लांब उभा राहून सांग!" कावळा खो खो हसला आणि लांबूनच म्हणाला, "आधी सरळ रेघ काढ. आहे ते काढ, मनातलं नको." त्या दिवसापासून ती बसल्या जागी चोच पुरेल तिथवर रेघा काढू लागली. सरळ रेघ, वाकडी रेघ, लांबट गोल. रोज शंभर. बगळी येई, बघे, "हा गोल चेपलाय" म्हणे आणि पायानं पुसून टाके. टिटवीला दात असते तर तिनं दातओठ खाल्ले असते, पण ती पुन्हा काढी. कावळ्याचं पाऊल, बगळीचं पाऊल, गव्याचा खूर, गवताच्या काडीनं मापून मापून काढी. आठव्या दिवशी बगळीनं पुसलं नाही. नुसती बघून गेली.

नवव्या दिवशी टिटवी मुद्दाम उठली, झुडपामागे गेली आणि लगेच मागे फिरली. कुणीतरी सरसरत गवतात पळालं. अंडी दोन्ही शाबूत होती, आणि चिखलात ताजे ठसे! गवे यायच्या आत तिनं काडीनं माप घेतलं आणि सगळ्यांसमोर तसंच्या तसं काढलं. पाच बोटं, लहान-मोठी. लांब नखं. डावं पाऊल पुढे, उजवं मागे. आणि दोन्हींच्या मधून नागमोडी गेलेली एक रेघ.

"ती मधली रेघ पूस गं," खडकावरून घोरपड घाईनं म्हणाली. "चित्र घाण दिसतं."

"मागे तर एका रेघेतही बदल करू नकोस म्हणालीस," टिटवी म्हणाली. "आज का?"

कावळा चिखलात उतरला आणि त्यानं चित्राशेजारी आपलं पाऊल उमटवलं. "बघा, जुळतंय का?" जुळलं नाही. बगळीनं उमटवलं, तेही जुळलं नाही. मग सगळे खडकाकडे बघू लागले.

"उतर की खाली," बगळी म्हणाली.

"मला चिखल बाधतो."

"इतके दिवस इथं पडून असतेस," टिटवी म्हणाली, "आणि आमच्यासमोर एकदाही चिखलात पाय नाही ठेवलास. का गं?"

घोरपडीनं पाय पोटाखाली ओढून घेतले. तिची लांब शेपटी मात्र खडकावरून खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाला ओला चिखल होता. सगळ्यांनी मिळून तिला काठावरून पिटाळलं. पुढे दोन पिल्लं निघाली. ती चालायला लागली तेव्हा कावळा बघायला आला आणि टिटवीनं त्याला पुन्हा दहा पावलं लांब उभं केलं. त्यानं रागही धरला नाही.

तात्पर्य : चूक दाखवणाऱ्यावर संशय घेण्याआधी हात सुधारा, रोज काढा, पुन्हा काढा, आणि वाकड्या रेघेला जो सुरेख म्हणतो, त्याचे पाय आधी बघा. कावळा बोचरं बोलला, बगळीनं चित्रं पुसली. पण अंडी खाल्ली ती गोड बोलणारीनं, घोरपडीनं.