पालथा दगड आणि गांडूळ

दगडांना बोलता यायचं, त्या काळी स्कॉटलंडमधल्या लोकांनी एक कोरीव दगड पालथा घालून घराची फरशी केली. पुढे घर गेलं, माणसं गेली, दगड मात्र मातीखाली तसाच राहिला.

त्याच्याखाली राहणाऱ्या गांडुळाला एकच कोडं पडलं होतं. दगडाच्या पोटावरच्या खाचेतून सरपटत निघालं, की वळणं घेत घेत ते पुन्हा निघाल्या जागीच यायचं!

“दादा, तुझ्यावर कोरलंय तरी काय?”

“मी कुठे पाहिलंय? मी हा असा पालथा!”

एके दिवशी उत्खनन करणाऱ्या मोरागला दगडाची सपाट पाठ दिसली. “साधी फरशी आहे. टाका ढिगाऱ्यावर,” ती म्हणाली.

माणसांनी पहारीने दगड उलथला. गांडुळाची फेरी अर्ध्यावर होती. ते काही खाच सोडीना. त्याला उचलायला मोरागने हात घातला आणि तिचं बोट मातीने माखलेल्या खाचेतून फिरतच गेलं.

“अरे, थांबा! हा तर मासा!”

सगळे धावले. कुणी म्हणे राजाची खूण, कुणी म्हणे देवाची. वाद मिटेना.

मातीत शिरता शिरता गांडूळ म्हणालं, “दादा, तुझ्यावर मासा आहे.”

“म्हणजे काय?”

“ते त्यांनाही कळेना. म्हणून तर आता नाही तुला कुणी टाकून देत!”