मनोहरपंतांचा तिसरा चाकू

"मग यात जड काय आहे, ते तरी सांगा, बाबा."

जमालशा फकिरांनी तळहातावरचा चाकू परत केला. मिटलेला, बोटभर लांब, वाळक्या पानासारखा.

"जड आहे," ते म्हणाले.

मनोहरपंत तळणीकरांनी डोळे मिटून घेतले. पाटबंधारे खात्याच्या खरेदी विभागात त्यांची हयात गेली होती. पंपापासून टाचणीपर्यंत कुठलीही वस्तू त्यांनी नमुने मागवल्याशिवाय घेतली नाही. आणि त्यांनी पसंत केलेल्या वस्तूला कुणी नावं ठेवली नाहीत. निदान तोंडावर तरी.

निवृत्त झाल्यावर ते विळीची धार, चहाची गाळणी आणि सुनेचा मिक्सर यांवर शेरे मारू लागले. तेव्हा बायकोच म्हणाली, "टेकडीवरच्या दर्ग्यात सेवेला माणूस हवाय म्हणे. जाऊन तर बघा."

ती हे किती आशेने म्हणाली, ते पंतांना कळलं होतं. म्हणून तर ही सेवा त्यांना मिळायलाच हवी होती.

सेवा साधी. दर्ग्यासमोरच्या चिंचेला लोक नवसाचे दोरे बांधतात. नवस फळला की येऊन एक दोरा काढायचा. आपला सापडत नाही, म्हणून कुणाचाही चालतो. उन्हापावसाने गाठी दगड होतात. कात्री तिथे लावत नाहीत, चाकूच लागतो. जमालशांची अट एवढीच होती, "सदा अंगावर राहील असा हलका चाकू आणा."

पहिला पितळी मुठीचा होता. जड. दुसरा शिंगाच्या मुठीचा. तोही जड.

हा तिसरा पंतांनी पुतण्याकडून परदेशातून मागवला. सभ्य गृहस्थाने चारचौघांत काढला तरी कुणी दचकू नये, असा. आधीचे दोन्ही खिसा खाली ओढायचे, त्यामुळे ते आहेत हे कळायचं. हा इतका हलका, की आहे का पडला हे बघावं लागे. टेकडी चढताना वळणावळणाला पंतांचा हात खिशाकडे जात होता.

"तराजू आणू का?" पंतांनी विचारलं.

"आणा."

"म्हणजे पटेल?"

"तराजूला पटेल."

पंतांनी चाकू खिशात टाकला आणि वरून चाचपला. जमालशा त्यांच्या हाताकडे बघत राहिले...

"काय बघताय?"

"काही नाही."

तेवढ्यात एक बाई चिंचेखालून पुढे आली. "भाऊ, येवढा दोरा काढून देता का? लेकीला दिवस गेलेत. गाठ काही सुटंना."

पंतांनी घुश्शातच चाकू काढला, दोरा कापला. बाईने तो डोळ्यांना लावला. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या.

"आमचा बी काढा की, भाऊ."

"धरा. तुम्हीच कापा," पंत म्हणाले, चाकू तिच्या हातात दिला आणि जमालशांकडे वळले. मुख्य विषय राहून जात होता.

"बाबा, माणूस नको असेल तर सरळ सांगा. वस्तू नापसंत केली तर कारण द्यावं लागतं."

"कुठे?"

"आमच्या खात्यात."

"मग तिथे देत जा."

पंतांनी पाठ फिरवली. मग चपला पायांत सरकवल्या आणि तरातरा उतरायला लागले.

उतरताना त्यांनी मनातल्या मनात जमालशांना बरंच सुनावलं. फकिराला पोलादातलं काय कळतं, इथपासून सुरुवात केली आणि घरी बायकोला काय सांगायचं, इथे येऊन अडकले. ती विचारणार, "मिळाली का सेवा?" आणि मग उद्या सकाळी पुन्हा ती गाळणी.

अर्ध्या टेकडीवर पाणपोई लागली. पाणी प्यायले. तोंड पुसायला रुमाल काढला... हात तिथेच थांबला.

डावा खिसा. उजवा. पुन्हा डावा.

पंत उलटे फिरले. या वयात टेकडी धावत चढू नये हे त्यांना ठाऊक होतं.

वर चिंचेखाली बायकांची रांग लागली होती. चाकू या हातातून त्या हातात जात होता. चकचकीत पात्यावर दोऱ्यांचा लाल रंग उतरला होता. शेवटच्या बाईने तो जमालशांकडे दिला. त्यांनी कफनीच्या टोकाला पुसला, मिटला आणि धापा टाकणाऱ्या पंतांच्या हातावर ठेवला.

पंतांनी रुमालाने घाम पुसला.

"बाबा... उद्यापासून येऊ का?"

विचारता विचारता त्यांनी चाकू खिशात टाकला, आणि वरून चाचपला.

जमालशांनी ते पाहिलं.

"अर्ध्या टेकडीपर्यंत तर जमलं होतं, पंत."